एकार्थतेचा करार : प्रवेशपरीक्षेतील अपठित उताऱ्याचा इतिहास

'वाचलेल्या मजकुराचे तात्पर्य कसे ठरवावे' या एकाच प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे १९१५च्या सुमारास परस्परांपासून हजारो मैलांवर छापली गेली. मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात लिहिलेला लोकमान्य टिळकांचा 'गीतारहस्य' हा ग्रंथ १९१५ साली पुण्यात प्रसिद्ध झाला. त्याच्या 'विषयप्रवेश' या पहिल्या प्रकरणात टिळकांनी मीमांसकांची तात्पर्यनिर्णयाची साधने वाचकापुढे ठेवली आहेत. उपक्रम आणि उपसंहार यांची संगती, अभ्यास म्हणजे पुनरुक्ती, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ती ही ती साधने होत. त्याच सुमारास अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, एम्पोरिया येथील शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत फ्रेडरिक केली हे शालेय मुलांच्या मूकवाचनाची एक चाचणी तयार करीत होते. 'कॅन्सस सायलेंट रीडिंग टेस्ट' या नावाने ती ओळखली जाते, आणि बहुपर्यायी प्रश्नाचा उगम सामान्यतः तिच्यापाशी शोधला जातो. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तरीही आज व्यवस्थापनशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेला बसणारा मराठी विद्यार्थी उतारा वाचतो तेव्हा तो केलींच्या वारशात वाचत असतो, टिळकांनी विनियोजिलेल्या वारशात नव्हे. हे कसे घडले, आणि त्यात वाचनाचे काय झाले, हा साहित्यविचाराच्या कक्षेत येणारा प्रश्न आहे. तो आजवर 'परीक्षेची तयारी' या सदराखाली टाकून दिला गेला, एवढेच.

केलींच्या चाचणीतील एक प्रश्न बराच प्रसिद्ध आहे. गाय, वाघ, उंदीर आणि लांडगा अशी चार प्राण्यांची नावे दिलेली असून त्यांपैकी शेतीवर उपयोगी पडणाऱ्या प्राण्याच्या नावाभोवती रेघ ओढावयाची आहे. वरवर पाहता येथे वाद होण्याजोगे काही नाही. पण त्यात एक सिद्धान्त दडलेला आहे. चाचणी झटपट आणि निरपवादपणे तपासता यावयाची तर प्रत्येक प्रश्नाचा एकच अर्थ लागला पाहिजे, अशी केलींची स्पष्ट अट होती. तपासणाऱ्याच्या लहरीनुसार गुण बदलतात, हे शिक्षकांमधील त्या काळचे मोठे दुखणे होते आणि केलींचा मूळ हेतू ते दूर करण्याचा होता. वस्तुनिष्ठता हवी होती ती तपासणाऱ्यात. ती मिळविण्यासाठी मात्र किंमत मोजली गेली ती भाषेच्या बाजूने. तपासणाऱ्यांमधील मतभेद नाहीसा करण्याचा सोपा मार्ग म्हणजे ज्याच्याविषयी मतभेद होऊच शकत नाही असा मजकूर निवडणे. (वाघाला देव मानून त्याची पूजा करणाऱ्या वारली शेतकऱ्याच्या मुलाने त्या प्रश्नात कोणत्या नावाभोवती रेघ ओढली असती, हा प्रश्न कॅन्ससमध्ये कोणाला पडण्याचे कारण नव्हते.)

चाचणीच्या नावातील 'मूक' हा शब्दही दुर्लक्षिण्याजोगा नाही. तोवर शाळेत वाचन म्हणजे मोठ्याने वाचणे. उच्चार, विराम, स्वर यांवरून वाचन जोखले जाई. पोथी लावून वाचण्याची आणि ऐकण्याची आपल्याकडील प्रथा त्याच जातीची आहे. मूकवाचनात वाचनक्रिया दिसेनाशी होते. आकलन वाचकाच्या आत कोठेतरी घडते आणि बाहेरून त्याचा केवळ परिणाम मोजता येतो. १९१७ साली कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील एडवर्ड थॉर्नडाइक यांनी परिच्छेदवाचनातील चुकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात या आतल्या क्रियेला त्यांनी नाव दिले : वाचन म्हणजे तर्क. परिच्छेद समजून घेणे हे गणिताचे उदाहरण सोडविण्यासारखे आहे. त्यात योग्य घटक निवडावे लागतात, त्यांचे योग्य संबंध जोडावे लागतात आणि प्रत्येकाला योग्य ते वजन द्यावे लागते. फ्रँक्लिन नावाच्या गावातील शाळेच्या हजेरीविषयीचा एक नियम थॉर्नडाइकांनी मुलांना वाचावयास दिला आणि परिच्छेदाचा विषय विचारला. काही मुलांनी नुसते 'फ्रँक्लिन' असे उत्तर दिले. पहिलाच ठळक शब्द बाकीच्या सगळ्या शब्दांवर मात करून बसला होता. चुकीच्या उत्तरामागेही काही रीत असते, ते निव्वळ अज्ञान नव्हे, हा थॉर्नडाइकांचा शोध मोलाचा होता. पुढच्या परीक्षाशास्त्राने त्यातील 'वाचन म्हणजे तर्क' एवढे सूत्र उचलले आणि चुकांचे वाचन करण्याची शिस्त मागे ठेवली.

ती शिस्त दुसरीकडे फुलली. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी कवींची नावे आणि काळ वगळून तेरा कविता विद्यार्थ्यांना दिल्या, त्यांच्याकडून लेखी प्रतिसाद घेतले आणि १९२९च्या 'प्रॅक्टिकल क्रिटिसिझम' या ग्रंथात त्यांचे विश्लेषण केले. साहित्यसमीक्षेच्या इतिहासात हा ग्रंथ सूक्ष्मवाचनाचा आरंभ म्हणून शिकविला जातो. परंतु त्याची रचना पाहिली तर तो आकलनचाचणीचा सख्खा भाऊ ठरतो. नाव काढून टाकलेली संहिता, तिच्याविषयी पूर्वज्ञान नसलेला वाचक आणि मूल्यमापनासाठी गोळा केलेले लेखी उत्तर हे तीनही घटक दोहोंत समान आहेत. रिचर्ड्स स्वतः मानसशास्त्राच्या बाजूने समीक्षेकडे आले होते, हाही योगायोग नव्हे. उत्तम शिक्षण लाभलेल्या विद्यार्थ्यांनाही कवितेचा सरळ वाच्यार्थ लागत नाही, ही त्यांची पहिली आणि सर्वांत अस्वस्थ करणारी नोंद होती. तिच्यापुढे अप्रस्तुत आठवणी, ठोकळेबाज प्रतिसाद, मतप्रणालीचा अडसर अशी अडचणींची मालिका त्यांनी मांडली. आणि अर्थाचे आशय, भाव, सूर व हेतू असे चार पदर वेगळे केले. आजच्या कोणत्याही प्रवेशपरीक्षेत 'लेखकाचा सूर कोणता' आणि 'लेखकाचा हेतू कोणता' हे प्रश्न असतातच. त्यांची वंशावळ या चार पदरांपर्यंत नेता येते.

फरक मात्र मूलगामी आहे. रिचर्ड्स यांच्यासाठी चुकीचे वाचन हा पुरावा होता. ग्रंथाचा मोठा भाग त्या प्रतिसादांनीच व्यापला आहे. परीक्षेसाठी चुकीचे वाचन हा एक वजा गुण असतो. रिचर्ड्स यांच्या विद्यार्थ्याला कविता अनेकदा वाचण्याची मुभा होती आणि त्याचे उत्तर त्याच्या स्वतःच्या वाक्यांत होते. परीक्षार्थी दुसऱ्याने तयार केलेल्या चार वाक्यांतून एक निवडतो. अर्थ 'लावणे' आणि अर्थ 'ओळखणे' या दोन क्रियांमधील हे अंतर पुढे कधीच भरून निघाले नाही.

प्रवेशपरीक्षेतील उतारा हे अमेरिकी नवसमीक्षेचे अपत्य आहे, असे अनेकदा म्हटले जाते. हे म्हणणे अर्धेच खरे आहे. विमसॅट आणि बिअर्ड्सली यांनी १९४६ साली लेखकाचा हेतू आणि १९४९ साली वाचकावरील परिणाम, हे दोन्ही अर्थनिर्णयाचे आधार म्हणून नाकारले; उरली ती स्वयंपूर्ण संहिता. परीक्षेतील 'केवळ उताऱ्याच्या आधारे उत्तर द्या' ही सूचना याच भूमिकेची व्यावहारिक आवृत्ती आहे. पण क्लिअन्थ ब्रूक्स यांनी १९४७ साली सारार्थकथनाला पाखंड ठरविले होते, आणि 'उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना पुढीलपैकी कोणती' हा प्रश्न तर सारार्थाखेरीज दुसरे काही मागतच नाही. एम्पसन यांनी १९३० साली संदिग्धतेचे सात प्रकार मांडून ज्या गुणाला काव्याच्या केंद्रस्थानी नेले, तोच गुण प्रश्नकर्त्याच्या दृष्टीने दोष असतो. संदिग्ध प्रश्न बाद होतो. नवसमीक्षेतील संहितेची स्वायत्तता परीक्षेने घेतली आणि तिची अनेकार्थता सोडून दिली. साहित्यविचार पुढे वाचकाकडे, वाचकसमूहांकडे आणि विरचनेकडे वळला. परीक्षा मात्र या अर्ध्या उसनवारीवर स्थिर झाली. म्हणून हा वारसा नवसमीक्षेपेक्षा केलींचाच म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

परीक्षेच्या संस्थात्मक इतिहासाची रूपरेषा थोडक्यात देता येते. अमेरिकेत महाविद्यालयीन प्रवेशासाठी पूर्वी ठरावीक पुस्तकांच्या याद्या असत आणि त्यांवर निबंध लिहावे लागत. २३ जून १९२६ रोजी कार्ल ब्रिगम यांच्या मार्गदर्शनाखाली पहिली 'स्कोलॅस्टिक ॲप्टिट्यूड टेस्ट' झाली. तिच्या नऊ उपचाचण्यांपैकी एक परिच्छेदवाचनाची होती. याद्यांची सद्दी संपत गेली, कारण ठरावीक पुस्तके महागड्या शाळांत अधिक चांगली शिकविली जात. अपठित उतारा सर्वांना सारखाच अपठित, हा युक्तिवाद लोकशाहीवादी होता आणि प्रामाणिकही होता. १९३८ साली उत्तरपत्रिकेवरील पेन्सिलीच्या खुणा विजेच्या साहाय्याने वाचणारे यंत्र आयबीएम कंपनीने बाजारात आणले. १९४७ साली 'एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस' ही संस्था स्थापन झाली आणि तिच्याच साहाय्याने १९५४च्या फेब्रुवारीत व्यवसायशिक्षणाची स्वतंत्र प्रवेशपरीक्षा प्रथम घेण्यात आली. १९७६ साली तिला 'जीमॅट' हे आजचे नाव मिळाले.

हिशेब, बाजारपेठ आणि कारखाना यांचे शिक्षण देणाऱ्या शाळांना गद्य उतारे कशाला हवे होते? त्या काळी व्यवसायशिक्षणाला विद्यापीठात प्रतिष्ठा नव्हती. १९५९ साली फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या पाठबळाने निघालेल्या दोन अहवालांनी या शाळांवर बौद्धिक उथळपणाचा आणि संकुचित व्यावसायिकतेचा ठपका ठेवला. विषयज्ञान न तपासता सर्वसाधारण 'क्षमता' तपासणारी परीक्षा ही अशा काळात प्रतिष्ठेची गरज होती, आणि क्षमतेचे सर्वांत सभ्य रूप म्हणजे वाचन. येथे एक शास्त्रीय वाद लक्षात घ्यावा लागतो. फ्रेडरिक डेव्हिस यांनी १९४४ साली आकलनाची नऊ कौशल्ये वेगळी काढली. शब्दार्थ, संदर्भाने अर्थ निवडणे, रचना ओळखणे, मध्यवर्ती विचार पकडणे, अनुमान काढणे, लेखकाचा दृष्टिकोन ओळखणे ही त्यांपैकी काही. दोनच वर्षांनी थर्स्टन यांनी त्याच आकड्यांची फेरमांडणी करून दाखविले की एकच घटक मानला तरी हिशेब जुळतो. हा वाद त्या आकड्यांवर कधीच पूर्णपणे मिटला नाही. असे असूनही मार्गदर्शक पुस्तकांतून डेव्हिस यांची यादी कौशल्यांच्या पायऱ्या म्हणून छापली जाते आणि प्रत्येक पायरीसाठी वेगळा सराव दिला जातो. आकलनाचे असे तुकडे पाडून ते एकेक वाढविता येतात, हे गृहीतक सिद्ध झालेले नाही. ते विकण्यास सोयीचे आहे.

भारतात १९६१ साली कलकत्ता आणि अहमदाबाद येथे भारतीय व्यवस्थापन संस्था स्थापन झाल्या. पहिलीला मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटचे, तर दुसरीला हार्वर्डचे सहकार्य होते. हार्वर्डकडून अहमदाबादला मिळालेला खरा ठेवा म्हणजे प्रकरण-अभ्यासाची पद्धती. एखाद्या उद्योगातील पेचप्रसंगाचा तपशीलवार वृत्तान्त विद्यार्थी रात्री वाचतो, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याचे परस्परविरोधी अर्थ मांडले जातात. अखेरीस एकच उत्तर बरोबर ठरावे असा त्या पद्धतीचा आग्रह नाही. उलट एकाच वृत्तान्ताचे अनेक समर्थनीय अर्थ लागतात हे शिकविणे हाच तिचा गाभा आहे. म्हणजे ज्या संस्थेत शिरल्यावर विद्यार्थ्याकडून अनेकार्थी वाचनाची अपेक्षा आहे, तिच्या दारावर मात्र एकार्थी वाचनाचा पहारा आहे. ही विसंगती क्वचितच कोणाला खटकली. लाखोंच्या छाननीत दुसरे काय करणार, हे उत्तर सहज सुचते आणि ते व्यवहारतः खरेही आहे. परंतु व्यवहारासाठी केलेल्या तडजोडीला पुढे 'वाचनक्षमता' असे नाव पडले, आपत्ती आहे ती येथे.

'कॅट' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सामाईक प्रवेशपरीक्षेची रूपे बदलत गेली. १९९०च्या दशकात दोन तासांत दीडशेहून अधिक प्रश्न असत. गती हीच कसोटी होती. २००३ सालची परीक्षा प्रश्नपत्रिका फुटल्यामुळे रद्द होऊन २००४च्या फेब्रुवारीत पुन्हा घ्यावी लागली. २००९पासून ती संगणकावर आली. २०१५ साली भाषिक विभागातील चौतीस प्रश्नांपैकी चोवीस उताऱ्यांवर होते. २०२०पासून त्या विभागाला चाळीस मिनिटे मिळू लागली. जीमॅटनेही २०२३च्या आवृत्तीत वाक्यशुद्धीचे प्रश्न वगळून भाषिक विभागात उताऱ्यांचे आकलन आणि युक्तिवादाची चिकित्सा एवढेच ठेवले. भाषेच्या इतर सर्व कसोट्या गळून पडत असताना उतारा टिकून आहे, वाढतो आहे. त्यामुळे त्याचा विचार टाळता येत नाही.

या इतिहासातील सर्वांत बोलका क्षण २००५च्या कॅटमध्ये येतो. त्या वर्षीचा एक उतारा झाक देरिदा यांच्यावर होता. शब्दकेंद्रिततेची चिकित्सा, अर्थाचे भेदाधिष्ठित स्वरूप, भाषेबाहेरच्या स्थिर अर्थकेंद्राविषयीची शंका हे सारे त्यात सुबोध, प्राध्यापकी इंग्रजीत सांगितलेले होते. त्याखाली देरिदांचे मत कोणते आणि शब्दकेंद्रिततेतून काय सूचित होत नाही असे प्रश्न होते, आणि प्रत्येकाचे बरोबर उत्तर एकच होते. हा विनोद सहजासहजी संपत नाही. अर्थाला अंतिम विश्रामस्थान नाही हे विधान समजले किंवा नाही हे ठरविण्यासाठी परीक्षेने त्या विधानालाच एक अंतिम विश्रामस्थान दिले होते. तथापि त्यावर नुसते हसणे उथळपणाचे होईल. तो उतारा देरिदांची संहिता नव्हती. देरिदांविषयीचे एक स्पष्टीकरण होते, आणि स्पष्टीकरणाचे नेमके सार सांगता येते. विरचनेचे खंदे पुरस्कर्तेही आपल्या विरोधकाने आपले म्हणणे चुकीचे वाचले अशी तक्रार करतात, म्हणजे वाचनातील चूक नावाची गोष्ट तेही मानतात. परीक्षेचा बचाव करावयाचा तर तो याच मुद्द्यावर करता येईल : सर्व वाचने समान नसतात. मात्र सर्व वाचने समान नसणे आणि एकच वाचन ग्राह्य असणे यांच्या मधला प्रदेश फार मोठा आहे, आणि समीक्षेचा सगळा व्यवहार त्या प्रदेशात चालतो.

आता मीमांसकांकडे वळले म्हणजे परीक्षेतील प्रश्नांची घडण अनपेक्षितपणे स्पष्ट होते. कुशल प्रश्नकर्ता चुकीचे पर्याय कसे तयार करतो? उघडउघड खोटा पर्याय कोणालाही फसवीत नाही. मध्यवर्ती कल्पनेच्या प्रश्नात फसविणारा पर्याय बहुधा खरा असतो. तो उताऱ्यात शब्दशः आलेला असतो, पण उदाहरण म्हणून, दृष्टान्त म्हणून, किंवा खोडून काढण्यासाठी मांडलेला पूर्वपक्ष म्हणून. मीमांसेच्या भाषेत, अर्थवादाला विधीच्या जागी बसविले की उत्तम चकवा तयार होतो. दुसरा नेहमीचा चकवा म्हणजे उताऱ्याने 'काही' म्हटले तेथे 'सर्व' म्हणणारा पर्याय. येथे उपपत्तीची मर्यादा ओलांडलेली असते. पूर्वपक्षालाच लेखकाचे मत मानणे ही विद्यार्थ्यांची सर्वांत वारंवार होणारी चूक, आणि ज्या भाषेत पूर्वपक्ष-उत्तरपक्षाची परंपरा शास्त्रग्रंथांतून शेकडो वर्षे चालत आली त्या भाषेच्या विद्यार्थ्याला ही चूक कोणत्या नावाने ओळखावी हे कोणी सांगितलेले नसते.

मार्गदर्शक पुस्तकांतील एक लोकप्रिय सल्ला असा की वेळ अपुरा असेल तर पहिला आणि शेवटचा परिच्छेद वाचावा. हा उपक्रमोपसंहाराचाच अपभ्रंश होय. मीमांसकांच्या मते ते सहांपैकी एक लिंग होते आणि बाकीच्या लिंगांनी ते पडताळावयाचे असे. येथे ते एकटेच उरले आहे. 'प्रश्न आधी वाचा, मग उतारा', 'टोकाची विधाने वगळा', 'अनोळखी शब्दापाशी थांबू नका' हे इतर सल्ले गुण मिळवून देत नाहीत असे नाही. परंतु ते उताऱ्याचे वाचन शिकवीत नाहीत. ते प्रश्नकर्त्याचे वाचन शिकवितात. टिळकांनी सांप्रदायिक टीकाकारांविषयी घेतलेला आक्षेप येथे आठवतो. सिद्धान्त आधी ठरवून मग त्यानुसार ग्रंथ लावावयाचा, या रीतीवर त्यांचा रोख होता आणि गीताध्यायसंगतीचे स्वतंत्र प्रकरण लिहून त्यांनी ग्रंथ आरंभापासून अखेरपर्यंत सलग वाचून दाखविला. (टिळकांच्या स्वतःच्या वाचनातही कर्मयोगाचा सिद्धान्त आधी ठरलेला नव्हता काय, हा प्रतिप्रश्न जुनाच आहे. पण त्यांनी आपली साधने उघड मांडली, म्हणून तर तो विचारता येतो.)

मुळातला प्रश्न आणखी खोल आहे. 'अपठित' हा शब्द उताऱ्याला लागू पडतो. वाचक कधीच अपठित नसतो. इ. डी. हर्श यांची वैचारिक वाटचाल या संदर्भात उद्बोधक आहे. १९६७च्या 'व्हॅलिडिटी इन इंटरप्रिटेशन' या ग्रंथात लेखकाच्या अभिप्रेत अर्थाची बाजू हिरिरीने लढविणारे हर्श पुढे व्हर्जिनिया राज्यात लेखनाच्या सुबोधतेचे प्रयोग करू लागले. रिचमंड येथील सार्वजनिक महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना परिचित विषयांवरचा मजकूर नीट समजत होता. अमेरिकी यादवी युद्धातील ग्रँट आणि ली या सेनापतींविषयीचा उतारा मात्र समजेना. शब्द कठीण नव्हते, वाक्ये लांब नव्हती. ग्रँट आणि ली कोण हेच ठाऊक नव्हते. यातून १९८७चे 'कल्चरल लिटरसी' हे पुस्तक निघाले. हर्श यांनी सुचविलेली माहितीची यादी संकुचित आणि गौरवर्णीयांच्या परंपरेकडे झुकलेली आहे अशी टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण त्यांच्या निदानाला नंतर बळकटीच मिळाली. रेक्ट आणि लेस्ली यांनी १९८८ साली चौसष्ट शालेय विद्यार्थ्यांना बेसबॉलच्या खेळाचे वर्णन वाचावयास दिले. चाचण्यांत 'कच्चे' ठरलेले पण खेळ जाणणारे विद्यार्थी, 'पक्के' ठरलेल्या पण खेळ न जाणणाऱ्या विद्यार्थ्यांच्या पुढे गेले. कच्चे आणि पक्के हे गुण वाचकाचे म्हणावयाचे की वाचक आणि विषय यांच्या संबंधाचे?

भारतीय वाचकाला याहून जवळचा असा एक प्रयोग १९७९ साली प्रसिद्ध झाला. स्टेफन्सन, जोग-देव आणि अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकी वाचकांना दोन पत्रे दिली, एकात भारतीय लग्नाचे वर्णन होते आणि दुसऱ्यात अमेरिकी लग्नाचे. प्रत्येक गटाने आपल्याकडील लग्नाचे पत्र अधिक वेगाने वाचले आणि त्यातले अधिक लक्षात ठेवले. परक्या पत्रात मात्र अर्थाचे विपर्यास घडले. अमेरिकी वधूने आजीचा विवाहपोशाख घातला होता. तिकडे ही जिव्हाळ्याची आणि मानाची रीत. एका भारतीय वाचकाच्या स्मरणात मात्र राहिले ते एवढेच, की पोशाख जुना आणि कालबाह्य होता. वाक्य नीट वाचले होते, शब्दार्थही बरोबर होता. चुकला तो संकेत. आता हाच वाचक चार पर्यायांपुढे बसला असता तर त्याच्या उत्तरपत्रिकेवर 'अनुमानकौशल्य अपुरे' अशी नोंद झाली असती. याच्या उलट टोकाचा पुरावाही आहे. कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० साली दाखविले की अमेरिकी परीक्षेतील आकलनाच्या प्रश्नांची उत्तरे उतारा न वाचताही विद्यार्थी निव्वळ योगायोगाने जमावे त्याहून बरीच अधिक बरोबर देतात. ज्यांच्या जगातून उतारे निवडले जातात त्यांना तो उतारा एका अर्थाने आधीच पठित असतो.

मराठी माध्यमात शिकलेल्या विद्यार्थ्याची अडचण या प्रकाशात पाहिली पाहिजे. कॅट केवळ इंग्रजीत होते. 'इंग्रजी कच्चे' हे निदान सर्वत्र केले जाते आणि त्यावर उपाय म्हणून शब्दसंग्रहाच्या याद्या पाठ करविल्या जातात. इंग्रजीची अडचण खरीच आहे, पण ती पहिली पायरी आहे. उतारे येतात ते मुख्यतः इंग्रजी वैचारिक नियतकालिकांच्या आणि पुस्तकांच्या जगातून : उत्क्रांतिशास्त्र, नागरीकरण, कलेतिहास, तत्त्वज्ञान. त्या निबंधाची विशिष्ट घडण असते. एखाद्या किश्शाने आरंभ, मग रूढ मताची मांडणी, मग 'परंतु', आणि लेखकाचे मत बऱ्याचदा अखेरीस, तेही उपरोधाच्या आडून. ज्याने या जातीचे गद्य कोणत्याही भाषेत वाचलेले नाही त्याला शब्द येऊनही 'परंतु'चे वजन कळत नाही. उलट ज्याने मराठीतील वैचारिक गद्य कसून वाचले आहे, आगरकर, राजवाडे, कुरुंदकर यांच्या वादांतील पूर्वपक्ष आणि खंडन वेगळे करून पाहिले आहे, त्याच्याकडे एक क्षमता असते. ती या परीक्षेला दिसत नाही; मात्र त्या विद्यार्थ्याला ती इंग्रजी उताऱ्यात नेता येते. हे स्थानांतर आपल्या महाविद्यालयांतून शिकविले जात नाही. मराठीचा तास रसग्रहणासाठी आणि इंग्रजीचा व्याकरणासाठी, अशी वाटणी झाली आहे. युक्तिवादाचे वाचन दोहोंच्या मध्ये पडून राहिले.

भाषांतराचा मार्ग हाही सरळ नाही, हे प्रशासकीय सेवांच्या परीक्षांनी दाखवून दिले. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत आकलनाचे उतारे असलेली क्षमताचाचणी आणली. २०१४च्या जुलै-ऑगस्टमध्ये तिच्याविरुद्ध दिल्लीत आंदोलन झाले. उताऱ्यांचे हिंदी भाषांतर मूळ इंग्रजी पाहिल्याखेरीज कळत नाही, ही त्यातील एक प्रमुख तक्रार होती. त्या वर्षी इंग्रजी आकलनाचे प्रश्न गुणांकनातून वगळण्यात आले आणि २०१५पासून ती प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती उरली. महाराष्ट्राच्या आयोगानेही २०१३पासून राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेत अशी चाचणी घेतली, आणि तेथे दोन्ही भाषांत छापलेला उतारा वाचताना मराठी मजकुरावरून इंग्रजीकडे आणि पुन्हा मराठीकडे डोळे फिरविण्याची सवय विद्यार्थ्यांना लागली. भाषांतरित उताऱ्यात एकार्थतेचा करार आधीच मोडलेला असतो, कारण दोन संहिता समोर असतात आणि त्यांचे उत्तर एकच असते.

मग आकलन सुधारते कशाने? उपलब्ध पुराव्याचा कल स्पष्ट आहे, आणि तो बाजाराला गैरसोयीचा आहे. उताऱ्यांच्या सरावाने परीक्षेच्या रूपाची ओळख होते, वेळेचे गणित बसते. हा लाभ खरा असला तरी मर्यादित असतो. त्यापुढची वाढ होते ती विषयांच्या ओळखीने, म्हणजे एकाच विषयावर सलग आणि परस्परविरोधी असे बरेच काही वाचल्याने. आणि ती होते चुकलेल्या उत्तरामागची रीत तपासल्याने : कोणता शब्द थॉर्नडाइकांच्या 'फ्रँक्लिन'सारखा डोईजड झाला, कोणता अर्थवाद विधी वाटला, कोणती अप्रस्तुत आठवण मध्ये आली. म्हणजे रिचर्ड्स यांनी आपल्या विद्यार्थ्यांच्या उत्तरांचे जे केले ते विद्यार्थ्याने स्वतःच्या उत्तरांचे करावयाचे. बरोबर पर्याय का बरोबर, हे प्रत्येक उत्तरपुस्तिका सांगते. चुकीचा पर्याय एका विचारी वाचकाला का पटला, याचे उत्तर ज्याचे त्यानेच लिहावयाचे असते.

परीक्षेच्या यंत्रणेतही या चौकशीसाठी एक फट अलीकडे उघडली आहे. २०१२ साली न्यूयॉर्क राज्यातील शालेय परीक्षेत डॅनियल पिंकवॉटर यांच्या कथेवरून बेतलेला अननस आणि सशाच्या शर्यतीचा उतारा आला. त्यावरील प्रश्नांना समाधानकारक उत्तरच नाही असा गदारोळ झाला आणि ते प्रश्न गुणांकनातून वगळावे लागले. २०१७ साली सारा होलब्रुक या कवयित्रीने जाहीर केले की टेक्सासच्या परीक्षेत आपल्याच कवितेवर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आपल्याला देता येत नाहीत. कडवे तेथे का तोडले, या प्रश्नाचे तिचे खरे उत्तर असे होते की मंचावर ती कविता म्हणताना त्या ठिकाणी ती थांबते. तो पर्याय दिलेल्या चारांत नव्हता. कॅटमध्ये आता परीक्षेनंतर उत्तरतालिका जाहीर होते आणि शुल्क भरून तिच्यावर आक्षेप नोंदविता येतो. उताऱ्यावरील प्रश्नाला आक्षेप घेणारा विद्यार्थी त्या क्षणी परीक्षार्थी राहत नाही. तो आपल्या वाचनाचे समर्थन करणारा टीकाकार होतो. त्याला उताऱ्याकडे परत जावे लागते, संगती दाखवावी लागते, दुसरा अर्थ का लागत नाही हे सांगावे लागते. आक्षेप मान्य झाला तर सुधारित तालिकेत एक अक्षर बदलते. त्यामागचा युक्तिवाद त्या तालिकेत छापला जात नाही.